पाच रात्रींचा गुन्हा

मी तासगावला वकिली सुरू केली ती एकोणीसशे चाळीस साली. पहिल्या वर्षात माझ्याकडे आठ खटले आले आणि त्यांतले सहा मी हरलो. उरलेल्या दोनांपैकी एकात फिर्यादीच वारला आणि दुसरा दोन्ही बाजूंनी माझ्या नकळत आपसांत मिटवला. आज हे हसत सांगतो. तेव्हा कोणी नुसता विषय काढला असता तरी मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो. स्वभाव पहिल्यापासून तापट, त्यात कायद्याची पुस्तकं वाचलेली. बोलणाऱ्याला मधेच तोडायचं आणि "विचारलं तेवढंच सांगा" म्हणायचं, ही माझी खोड. ही खोड म्हणजेच हुशारी अशी माझी समजूत होती.

माझा कारकून आकाराम माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. माझ्याआधी त्यानं तीन वकिलांकडे काम केलं होतं, आणि ते तिघंही माझ्याहून बरे होते असं त्याचं मत असावं. तोंडानं तो कधी बोलला नाही, पण सकाळी माझी खुर्ची पुसताना तो जो सुस्कारा सोडायचा त्यात मला सगळं ऐकू यायचं.

एक्केचाळीसच्या ज्येष्ठात, भर दुपारी, एक धनगर जोडपं दारात येऊन उभं राहिलं. त्यानं काठी बाहेर भिंतीला टेकवली आणि उंबऱ्याच्या आत येऊन खालीच बसला. ती उभीच राहिली. पदराच्या गाठीतून तिनं घामानं ओला झालेला एक कागद काढला आणि माझ्यासमोर धरला.

"वाचा," ती म्हणाली.

कोर्टाचं समन्स होतं. आरोपी बिराप्पा, राहणार जत संस्थान. फिर्यादी हंबीरराव, राहणार पिंपळखडी, हे येरळा नदीच्या काठचं गाव. वैशाख वद्य तृतीयेच्या रात्री आरोपीनं परवानगीवाचून फिर्यादीच्या वावरात दोनशे मेंढरं घातली, नांगरट तुडवून नुकसान केलं, आणि फिर्यादीनं तिथल्या तिथं हरकत घेतली असता शिवीगाळ करून हलायला नकार दिला. कलम चारशे सत्तेचाळीस आणि चारशे सव्वीस. पहिलं दुसऱ्याच्या जागेत शिरल्याचं, दुसरं नासधूस केल्याचं.

मी ते त्यांना सोप्या भाषेत सांगितलं. बिराप्पानं मान डोलावत शांतपणे ऐकून घेतलं.

"शिव्या न्हाई दिल्या," तो म्हणाला. "बाकी खरं हाय. रान त्येंचं, मेंढरं माजी. कबूल हाय म्हून लिवा आन द्या कागूद."

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

"त्ये हिला इचारा."

ती हरणाबाई. चाळिशीची, उन्हानं रापलेली, आणि नजर अशी की माझ्या टेबलावरची धूळ तिनं आल्याबरोबर पाहून ठेवली असणार.

"आवं वकीलसायेब," ती म्हणाली, "चौकीतल्या हवालदारानं बी ह्येंना त्येच सांगितलं. कबूल कर, पंधरा रुपय दंड हुईल, भर आन जा. ह्येनी आंगठा दिऊन मोकळं झालं. पर नदीकाठच्या पाच गावचं पाटील काय म्हन्त्यात? शिक्षा झालेल्या धनगराचा कळप फुडल्या सालापास्नं शिवंत घ्यायचा न्हाई. माज्या सासऱ्यापास्नं आमी ह्या वाटंनं येतोय. उनाळ्यात जतंला पानी न्हाई, पाला न्हाई. ही वाट बंद झाली तर मेंढरं जगवायची कशी?"

मी बिराप्पाकडे पाहिलं. तो तिच्या बोलण्यानं जरा त्रासल्यासारखा दिसला.

"अगं, कबूल केल्यावर कशाची शिक्षा?" तो म्हणाला. "मिटलंच की मग."

मला त्याचा रागच आला. पण मला बाजूला घेऊन आकारामनं सांगितलं तेव्हा उलगडा झाला. बिराप्पाच्या लोकांत भांडणतंटा झाला की बिरोबाच्या देवळापुढं बैठक बसते. ज्याचं चुकलं तो उभा राहून कबूल करतो आणि डोक्याचं पागोटं काढून समोरच्याच्या पायाशी ठेवतो. समोरच्यानं ते उचलून त्याच्या डोक्यावर परत घालायचं. मग सगळे एका पंगतीला बसतात आणि त्या गोष्टीचं नाव पुन्हा कोणी काढायचं नाही. बिराप्पाच्या हिशेबी कबूल करणं म्हणजे प्रकरण धुऊन टाकणं. आपण हंबीररावापुढं आणि साहेबापुढं कबूल केलं की पाटलांना बोलायला जागाच उरणार नाही, असं तो मनापासून समजत होता.

मी खुर्चीवरून उठून त्याच्यासमोर खाली बसलो. राग आला की मी जागेवरून उठतो, पण त्या दिवशी रागाबरोबर थोडी कणवही आली होती.

"हे बघ बिराप्पा. चौकीतला अंगठा कोर्ट धरत नाही, पण कोर्टात पागोटंही कोणी उचलत नाही. तू कबूल म्हणालास की साहेब ते लिहून घेणार, दंड सांगणार, आणि कायमचं दप्तरात राहणार की या माणसाला शिक्षा झाली आहे. दंड एक रुपया असो नाहीतर पंधरा, शिक्षा ती शिक्षाच."

"पर बसवली न्हवं मी मेंढरं? खोटं कसं बोलू?"

"खोटं बोलू नकोस. मेंढरं बसवलीस हे खरं. पण दुसऱ्याच्या रानात पाय पडला एवढ्यानं गुन्हा होत नाही. पाय कशासाठी टाकला ते कायदा विचारतो. छळायला, नासाडी करायला, भांडण काढायला टाकला असेल तर गुन्हा. चुकून पडला असेल तर चूक. तू काय करायला गेला होतास?"

"खताला बसवली की!"

मेंढरं शेतात बसवणं म्हणजे काय ते मलाही तेवढं माहीत होतं. पेरणीच्या आधी शेतकरी धनगराला बोलावतो, रात्रभर कळप वावरात बसतो, लेंडी आणि मूत जमिनीत मुरतं, आणि शेतकरी त्याबद्दल जोंधळा देतो. पिंपळखडीचा ज्योतिबा नावाचा शेतकरी बिराप्पाला दरसाल बोलवायचा. तो या वेळी त्याला जामीनही राहिला होता. मग ज्योतिबाच्या रानाऐवजी शेजारच्या हंबीररावाच्या रानात कळप गेला कसा?

"मीच चुकलो," बिराप्पा घाईनं म्हणाला.

"तुमी कशाला चुकाल?" हरणाबाई म्हणाली. "सांजंला तुमी मेंढरं घिऊन आला. रान कुनी धरलं? वाघर कुनी लावली?"

वाघर म्हणजे सुताच्या जाळीचं कुंपण. धनगरांत बायका घोड्यांवर संसार लादून दुपारीच पुढं जातात, रान शोधतात, वाघर ठोकतात, चूल मांडतात. पुरुष कळप चारत चारत तिन्हीसांजेला पोचतो आणि बाईनं धरलेल्या रानात मेंढरं घालतो. ज्योतिबाच्या वावराची खूण म्हणजे ओढ्यावरची बाभळ. त्या साली ज्योतिबानं नांगरासाठी बाभळ तोडली होती आणि हे सांगायला तो घरी नव्हता, मेहुणीच्या लग्नाला गेला होता. हरणाबाईला बाभळ दिसली ती पुढच्या बांधावरची, हंबीररावाची. तिनं तिथं घोडी सोडली.

"झाड बगून जातो आमी. झाड हाललं की रान हालतं," ती म्हणाली. "मग पाचव्या दिशी ज्योतिबादादा लग्नाहून आलं तवा—"

"दिवसांचं राहू द्या," मी म्हणालो. "विचारलं तेवढंच सांगा."

तिनं तोंड मिटलं. आकारामनं सुस्कारा सोडला.

माझा बचाव माझ्या डोक्यात तयार झाला होता. हेतू वाईट नव्हता, बाभळीमुळं घोटाळा झाला, हरणाबाई साक्ष देईल. मी तो बोलून दाखवला तसा बिराप्पा एकदम ताठ झाला. बायकामाणसाला पिंजऱ्यात उभं करायचं नाही, त्यापेक्षा दंड भरतो, म्हणाला. आता कुठं मला समजलं की कबूल करायची त्याला एवढी घाई का होती. चूक तिची होती आणि ती आपल्या पागोट्याखाली झाकायची होती. हरणाबाई फक्त त्याच्याकडे पाहत राहिली, आणि त्या पाहण्यात रागही होता आणि बरंच दुसरंही होतं.

शेवटी ठरलं ते असं की साक्षीचं पुढं पाहू, पण साहेबानं विचारलं की बिराप्पानं "गुन्हा कबूल नाही" एवढे तीनच शब्द म्हणायचे. आकाराम साहेब झाला आणि त्यानं बिराप्पाकडून ते तीसदा म्हणवून घेतले. बिराप्पा दर वेळी गरम घास तोंडात आल्यासारखे ते शब्द बाहेर टाकायचा.

तारीख लागली भाद्रपदात. दोघं जतहून तीन दिवस चालत आली. कचेरीसमोरच्या लिंबाखाली मला हंबीरराव पहिल्यांदा दिसला. गुलाबी फेटा, पिळदार मिशा, मुलगा पलटणीत, घरचा ऊस आणि घरचं गुऱ्हाळ. भोवती नदीकाठच्या गावांची दहापंधरा माणसं जमवून तो पिकाच्या गप्पा हाणत होता.

"जोंधळ्यात हत्ती शिरला तर दिसायचा न्हाई गड्या," तो म्हणत होता. "साऱ्या येरळंकाठी दावा मला असलं पीक."

मला वाटलं, बढाईखोर माणूस. यापलीकडे मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

पुकारा झाला. मॅजिस्ट्रेट म्हणजे तालुक्याचे मामलेदारच. सावकाश बोलणारे, चष्म्यावरून पाहणारे. त्यांनी आरोप वाचून दाखवला, अमुक दिवशी, एका रात्री, परवानगीवाचून, वगैरे. मग विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"गुना कबूल न्हाई," बिराप्पा म्हणाला. मी समाधानानं श्वास सोडला. पण तो थांबला नाही. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सलत होतं. "पर सायेब, त्यात चुकीचं लिवलंय. एक रात न्हाई. पाच राती."

मामलेदारांनी टाक खाली ठेवला. "काय म्हणालास?"

"पाच राती बसवली मेंढरं. देवाशपथ. एक म्हून सांगितलं तर खोटं हुईल."

कोर्टात हशा पिकला. मला मात्र टेबलाखाली शिरावंसं वाटलं. एका रात्रीच्या आरोपावर पाच रात्रींची कबुली देणारा अशील मी आजवर पाहिला नव्हता. माझ्या हरलेल्या खटल्यांत सातव्याची भर तिथल्या तिथं पडली होती. सरकारी वकील हसून माझ्याकडे वळले, "तुम्ही शिकवलंत का हे?" सुदैवानं मामलेदारांना कुठल्यातरी सहीसाठी आत बोलावलं आणि कोर्ट अर्धा तास थांबलं.

मी तणतणत ओसरीवर आलो. हरणाबाई तिथं खांबाला टेकून बसली होती. दारातून तिनं सगळं ऐकलं होतं.

"तुमच्या मालकानं घात केला," मी म्हणालो. "पाच राती कशाला सांगितल्या?"

"पाचच व्हत्या म्हून. मी तुमास्नी जेष्टात सांगत व्हते. तुमी म्हनला, दिवसांचं ऱ्हाऊ द्या."

मागं आकाराम उभा होता. तो या वेळी सुस्कारासुद्धा सोडत नव्हता, हे जास्त लागलं.

"बरं, सांगा आता," मी म्हणालो आणि ओसरीवर तिच्यासमोर बसलो. "सगळं सांगा. मी मधे बोलणार नाही."

हरणाबाईनं अंगणातले पाच खडे उचलले आणि ओसरीच्या फरशीवर एकापुढं एक मांडले.

"ही पयली रात," ती म्हणाली. "दोनशे मेंढरं, सा गुंठं रान. दुसऱ्या राती त्याच जागी बसवायची न्हाईत, खत जास्त झालं तर रान जळतं. सकाळी वाघर काढायची, फुडं सरकवायची. ही दुसरी रात. ही तिसरी. हंबीररावांचं वावर तीस गुंठ्याचं. पाच रातीत ह्या बांधापास्नं त्या बांधापतूर समदं भरलं. रोज सकाळी त्ये बांधावर तंबाखू मळत उभं ऱ्हायचं. मी वाघर सरकवली की मान हालवायचं. दोन डाव माज्या चुलीवर शेळीच्या दुदाचा चा पिऊन गेलं. पाचव्या दिशी ज्योतिबादादा लग्नाहून आलं आन वराडलं, अगं, माझं रान कोरडं आन ह्येंचं भरलं? समदं गाव हसलं हंबीररावाला, फुकटचं खत खाल्लं म्हून. तवा त्येनी रागानं चौकी गाठली."

मी त्या पाच खड्यांकडे पाहत राहिलो. फिर्यादीत एकच रात्र का लिहिली ते आता उघड होतं. पाच लिहिल्या असत्या तर कोणीही विचारलं असतं की पहिल्याच रात्री का नाही उठवलं. आणि हे सगळं मला तीन महिन्यांपूर्वी माझ्याच टेबलापाशी उभी राहून एक बाई सांगत होती. मला माझी लाज वाटली. तसं मी तिला तोंडावर म्हणालोसुद्धा.

"असू द्या," ती म्हणाली. "तुमी तरनं हाय अजून."

कोर्ट पुन्हा बसलं. हंबीरराव पिंजऱ्यात उभा राहिला आणि त्यानं ठसक्यात सांगितलं की आपण त्याच रात्री हरकत घेतली, धनगर ऐकेना, नांगरट वाया गेली. मी उलटतपासणीला उठलो. आतून फार बरं वाटत होतं.

"हंबीरराव, हे वावर केवढं?"

"तीस गुंठं."

"यंदा काय केलंय त्यात?"

"जोंधळा."

"कसा आहे?"

हंबीरराव घुटमळला. त्यानं मागं पाहिलं. लिंबाखाली ज्यांना हत्तीची गोष्ट सांगितली ती सगळी माणसं आत येऊन बसली होती आणि त्याच्या तोंडाकडे पाहत होती. पीक वाईट म्हणावं तर घटकेपूर्वीची बढाई खोटी पडते.

"झ्याक हाय," तो म्हणाला.

"सगळं, की एखाद्या कोपऱ्यातलं?"

"कोपऱ्यातलं कशापायी?" आता तो चिडलाच. "ह्या बांधापास्नं त्या बांधापतूर येकसारखं हाय! जोंधळ्याचं एक ताट उणं न्हाई. कणीस बगा हे एवढं—" त्यानं हातानं दाखवलं.

"वा. मग खताच्या गाड्या किती घातल्या?"

"खत? एक बी गाडी न्हाई!" हे त्यानं छाती काढून सांगितलं. मग त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

मामलेदारांनी चष्मा वर केला.

"म्हणजे नांगरट वाया गेली नाही," मी म्हणालो. "आता सांगा, दोनशे मेंढरांनी तीस गुंठे एका रात्रीत एकसारखे भरतात का? तुम्ही मुरलेले शेतकरी आहात. साहेबांना सांगा."

मागच्या माणसांत कुजबुज सुरू झाली, कारण याचं उत्तर त्या खोलीत मी आणि मामलेदार सोडून सगळ्यांना पाठ होतं.

"पाच रात्री लागल्या. खरं ना?"

"लागल्या असतील," हंबीरराव पुटपुटला.

"आणि तुम्ही हरकत घेतलीत ती चहा प्यायच्या आधी की नंतर?"

"कसला चा?"

"हरणाबाईंच्या चुलीवरचा. शेळीच्या दुधाचा."

हंबीररावाची मान आपसूक ओसरीच्या दाराकडे वळली. दारात हरणाबाई उभी होती आणि तिनं फक्त दोन बोटं वर केली. दोनदा. कोर्टात जो हशा झाला तो थांबवायला शिपायाला तीनदा ओरडावं लागलं.

त्यानंतर हरणाबाई बिराप्पाला न विचारताच साक्षीला उभी राहिली. बिराप्पानं मान खाली घातली होती. मामलेदारांनी तिला विचारलं, "बाई, रान चुकलं ते कोणाचं?"

"माजं, सायेब. बाभळ बगून गेले. बाभळ तोडल्याली ठावं न्हवतं."

"न्हाई सायेब!" बिराप्पा आरोपीच्या जागेवरून म्हणाला. "मेंढरं माजी. मी इचारून बसवायला पायजे हुती. चूक माजी."

"तुमी गप ऱ्हावा. रान मी धरलं."

"अगं ए, सायेबाफुडं काय बोलतीस?"

मामलेदारांनी हात वर केला. "चूक आपल्याकडे घ्यायला भांडणारी माणसं मी या खुर्चीवरून पहिल्यांदा पाहतो आहे," ते म्हणाले. "इथं सगळे दुसऱ्याकडे लोटायला येतात."

निकाल त्यांनी तिथंच सांगितला, आणि बिराप्पाला कळावा म्हणून साध्या मराठीत सांगितला. आरोपी रान चुकला, पण वाईट हेतूनं शिरला नाही. फिर्यादीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तो गप्प राहिला. नुकसान झालं नाही, उलट फायदा झाला, आणि हे फिर्यादीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. आरोपी निर्दोष. "तू सुटलास, बिराप्पा. तुला कसलीही शिक्षा झालेली नाही," ते शेवटी म्हणाले.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी जिंकलो होतो. आकारामनं माझी पुस्तकं उचलली आणि न मागता माझ्यासाठी दार उघडून धरलं. एवढा मान त्यानं मला पहिल्यांदाच दिला.

बाहेर लिंबाखाली सगळी गर्दी तशीच उभी होती. हंबीरराव कडेला एकटा, फेटा सावरत. कोणी त्याच्याजवळ जात नव्हतं. बिराप्पानं माझी बाही धरून मला बाजूला ओढलं आणि हळूच विचारलं, "वकीलसायेब, कोरट उठलं न्हवं?"

"उठलं."

"मग आता कबूल केलं तर चालंल न्हवं?"

मी चिडून काहीतरी बोलणार होतो. तीन महिने मी या माणसाला कबूल न करायला शिकवलं होतं. पण त्याचा चेहरा पाहिला आणि शब्द गिळले. साहेबानं त्याला सोडलं होतं, पण त्याच्या मनातलं अजून सुटलं नव्हतं. दुसऱ्याच्या रानात न विचारता पाच राती काढल्याचं ओझं घेऊन तो तीन दिवस चालत जतला परतणार होता.

"चालेल," मी म्हणालो.

बिराप्पा सरळ हंबीररावासमोर जाऊन उभा राहिला. डोक्यावरचं पागोटं त्यानं दोन्ही हातांनी काढलं आणि त्याच्या पायाशी ठेवलं.

"दादा, रान चुकलं आमचं. न इचारता बसलो. मनात ठिवू नगा."

नदीकाठची माणसं पुढं सरकली. हंबीररावाला ही रीत माहीत होती असं मला वाटत नाही. तो पागोट्याकडे पाहत राहिला, मग लोकांकडे, मग पुन्हा पागोट्याकडे. त्याचे कान लालबुंद झाले होते. मग तो वाकला. त्याच्या गुडघ्यांचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. त्यानं पागोटं उचललं, झटकलं, आणि बिराप्पाच्या डोक्यावर ठेवलं. वाकडंच ठेवलं. बिराप्पानं ते सरळ केलं नाही.

"चुकलं माझं बी," हंबीरराव म्हणाला. आवाज बारीक होता, पण मग त्यालाच ते पटलं नसावं, कारण पुढचं तो सगळ्या गावांना ऐकू जाईल असं बोलला. "फुडल्या वैशाखात कळप घिऊन या. कुठल्या पाटलानं अडवलं तर माझं नाव सांगा."

"आन माझं रान?" गर्दीतून ज्योतिबा ओरडला. "ह्या साली कोरडं ऱ्हायलंय माझं!"

"आदी तुजं, मग माझं," हंबीरराव म्हणाला आणि बिराप्पाकडे वळला. "त्येची बाभळ ऱ्हायली न्हाई. माजी बाभळ हाय तितंच हाय. ती मी तोडायचा न्हाई. ती बगून या."

हरणाबाईनं डोळ्यांना पदर लावला. तिच्या डोळ्यांत पाणी मी तेवढं एकदाच पाहिलं.

"कबूल," बिराप्पा म्हणाला, आणि या वेळी मी हरकत घेतली नाही.